वाचकांचे प्रश्न : दोन फाशांवरचा बेसबॉल

मागील अंकात या सदरात मी लिहिले होते की, बेसबॉलचा नऊ डावांचा संपूर्ण सामना दोन फासे आणि एक तक्ता घेऊन टेबलावर अर्ध्या तासाच्या आत खेळता येतो आणि तसा एक तक्ता मी स्वतः तयार करून आजमावत आहे. त्यावर आलेल्या पत्रांतील निवडक प्रश्न येथे घेतले आहेत. अनेकांनी तक्ताच मागितला असल्यामुळे तो पहिल्या उत्तरात दिला आहे.

प्रश्न : बेसबॉलचा सामना पाहताना अडीच-तीन तास सहज जातात. तोच अर्ध्या तासात बसवायचा म्हणजे त्यातले नेमके काय गाळायचे? प्रत्येक चेंडूसाठी फासे टाकणे हेच खेळाला अधिक धरून होणार नाही का?

उत्तर : चेंडू गाळायचा, फलंदाज गाळायचा नाही. आजच्या एका व्यावसायिक सामन्यात दोन्ही संघांचे पिचर, म्हणजे चेंडू टाकणारे खेळाडू, मिळून सुमारे ३०० चेंडू टाकतात. परंतु फलंदाजीला उभे राहण्याच्या खेपा प्रत्येक संघाच्या सुमारे ३८, म्हणजे दोन्ही मिळून ७६च्या आसपास असतात. फासे टाकणे, तक्त्यात पाहणे आणि कागदावर खूण करणे यांस मिळून १५ सेकंद लागतात असे धरले, तर प्रत्येक चेंडूसाठी फासे टाकणाऱ्यास सव्वा तास लागेल आणि प्रत्येक फलंदाजासाठी एकदाच टाकणाऱ्याचा सामना १९ मिनिटांत संपेल. मी घड्याळ लावून खेळले तेव्हा, मध्ये येणाऱ्या निर्णयांचा वेळ धरून, सामना साधारणपणे २५ मिनिटांत पुरा होऊ लागला. तीन स्ट्राइक (हुकलेले किंवा सोडून दिलेले योग्य चेंडू) झाले की फलंदाज बाद आणि चार बॉल (कक्षेबाहेरचे चेंडू) झाले की तो फुकट पुढे, या हिशेबात पिचर आणि फलंदाज एकमेकांना जोखत असतात, ती रंगत यात हरवते हे मान्य केलेच पाहिजे. पण ती रंगत फाशांनी चेंडूगणिक खेळतानाही फारशी हाती लागत नाही, कारण फाशाला डावपेच लढवता येत नाहीत, हा माझा अनुभव आहे.

आता तक्ता. एक फासा तांबडा आणि एक पांढरा घ्यावा. तांबड्याचा आकडा दशमस्थानी आणि पांढऱ्याचा एकमस्थानी वाचावा, म्हणजे ११ ते ६६ अशी ३६ दाने मिळतात आणि प्रत्येक दान पडण्याची शक्यता सारखीच राहते. ११ ते १६ आणि २१, २२ या आठ दानांवर फलंदाज स्ट्राइकआउट, म्हणजे तीन स्ट्राइक होऊन बाद, होतो. २३ ते २६ आणि ३१ ते ३४ या आठ दानांवर तो जमिनीलगतचा फटका मारून पहिल्या बेसवर बाद होतो. (बेस म्हणजे धावपटूने क्रमाने गाठायची ठाणी; तीन बेस ओलांडून चौथ्या ठाण्यावर, होम प्लेटवर, पोहोचला की एक धाव.) यांपैकी पहिल्या चारांवर बेसवरचे धावपटू एकेक बेस पुढे सरकतात, तर शेवटच्या चारांवर, पहिल्या बेसवर कोणी असेल आणि दोनपेक्षा कमी खेळाडू बाद असतील, तर डबल प्ले होऊन दोघेही बाद होतात. ३५, ३६ आणि ४१ ते ४६ या आठ दानांवर उंच फटका झेलला जातो. त्यातल्या ४४, ४५, ४६ या दानांचे फटके खोल असल्यामुळे, तोवर दोघे बाद झालेले नसतील, तर तिसऱ्या बेसवरचा धावपटू धाव पुरी करतो. ५१, ५२ आणि ५३ म्हणजे वॉक, चार बॉल होऊन फलंदाज फुकट पहिल्या बेसवर जातो. ५४ म्हणजे क्षेत्ररक्षकाची चूक, ज्यामुळे फलंदाज पहिल्या बेसवर वाचतो. ५५ आणि ५६ म्हणजे दुहेरी फटका, ज्यावर फलंदाज दुसरा बेस गाठतो, मात्र येथे एक फासा पुन्हा टाकावा आणि सहा पडल्यास तो तिहेरी धरावा. ६१ ते ६५ म्हणजे एकेरी फटका आणि ६६ म्हणजे होम रन, ज्यावर फलंदाज आणि बेसवरचे सर्व धावपटू धाव पुरी करतात.

तांबडा फासा चारपर्यंत थांबला की फलंदाज बाद आहे, हे तक्त्याकडे न पाहता कळते. तो पाचावर किंवा सहावर थांबला आणि पांढरा अजून गरगरत असला, की त्या एका क्षणात सामना खरोखर डोळ्यांसमोर उभा राहतो. दाने अशी मांडण्यामागे सोय हे कारण होतेच, पण या क्षणासाठीही ती मी मुद्दाम अशी मांडली आहेत.

प्रश्न : माझ्याकडे दोन्ही फासे पांढरे आहेत, म्हणून मोठा आकडा आधी धरून मी दान वाचतो. माझ्या तक्त्यात ६५ आणि ६६ अशा दोनच दानांवर होम रन आहे, तरी सामने १७-१४, २१-१९ असे संपतात. चूक कोठे होत आहे?

उत्तर : चूक तक्त्यात कमी आणि दान वाचण्याच्या पद्धतीत अधिक आहे. मोठा आकडा आधी धरला की ३६ दानांची २१ दाने उरतात, आणि ती सारख्या वजनाची राहत नाहीत. दोन्ही फाशांवर सहा पडण्याचा मार्ग एकच आहे. परंतु पहिल्यावर सहा व दुसऱ्यावर पाच, किंवा पहिल्यावर पाच व दुसऱ्यावर सहा, ही दोन्ही दाने आपण ६५ म्हणूनच वाचता. त्यामुळे आपल्या खेळात होम रनची शक्यता ३६ पैकी दोन नसून तीन, म्हणजे बारा फलंदाजांमागे एक आहे. एका संघाच्या ३८ खेपा धरल्या तरी हे तीन होम रन झाले, आणि फटके वाढले की खेपाही वाढतात. प्रत्यक्ष मेजर लीगमध्ये, म्हणजे अमेरिकेतील अव्वल व्यावसायिक स्पर्धेत, अलीकडच्या वर्षांत एका संघाला एका सामन्यात सरासरी एकापेक्षा थोडे अधिक होम रन मिळतात. आपल्या तक्त्यातील इतर फटकेही असेच दुपटीने पडत असले पाहिजेत.

उपाय सोपा आहे. एका फाशाच्या सर्व बाजूंवर शाईचा ठिपका देऊन तो ओळखू येईल असा करावा, किंवा एकच फासा दोनदा टाकून पहिला आकडा दशमस्थानी धरावा. काही जण दोन्ही आकड्यांची बेरीज करून तक्ता बनवतात. मुख्य तक्त्यासाठी मी ते सुचवणार नाही, कारण बेरीज २ ते १२ अशी अकराच प्रकारची येते, त्यांत ७ येण्याचे सहा मार्ग आणि २ येण्याचा एकच मार्ग असतो, आणि मग एखादी गोष्ट किंचित कमी किंवा किंचित अधिक करायची झाली तर हात बांधलेले राहतात. बेरजेचा खरा उपयोग निर्णयांच्या वेळी होतो, तो पुढील उत्तरात सांगते.

प्रश्न : फाशांच्या खेळात बुद्धीला वाव नसतो, सगळा दैवाचा भाग, असे आमच्या घरात म्हटले जाते. आपल्याला हा खेळ खेळताना विचार करावा लागला का?

उत्तर : पहिले दोन सामने खेळले तेव्हा लागला नाही, आणि म्हणूनच तो तक्ता मला अपुरा वाटला. दान पडावे, खूण करावी, पुन्हा दान टाकावे, यात माणसाची गरजच नव्हती. खेळ झटपट करताना बहुतेकांच्या हातून हीच गफलत होते. वेळ वाचवायचा म्हणून निर्णय काढून टाकले जातात, वास्तविक काढायचे असते ते निकाल लागेपर्यंतचे सोपस्कार. मग मी तीन निर्णय खेळाडूच्या हाती परत दिले. ते म्हणजे बेस चोरणे (फटका न बसताच पुढच्या बेसकडे पळणे), फटका बसल्यावर धावपटूला एक बेस अधिक पळवणे, आणि पिचर बदलणे.

बेस चोरण्याचे गणित मी सर्वांत अधिक वेळ तपासले. पहिल्या बेसवरचा खेळाडू दुसऱ्यावर पोहोचला तर संघाचा फायदा बेताचाच होतो. पण तो पकडला गेला तर धावपटूही जातो आणि डावातील तीन बादांपैकी एक खर्ची पडतो, म्हणून नुकसान मोठे असते. या नफ्यातोट्याचा मेळ बसण्यासाठी चोरी साधारणपणे ७० ते ७५ टक्के वेळा साधली पाहिजे, असे बेसबॉलच्या धावांचा हिशेब मांडणारे सांगतात. मी आधी एका फाशावर नियम ठेवला होता. एक ते चारवर यश ठेवले तर शक्यता ६७ टक्के होते आणि शहाणा खेळाडू कधी पळतच नाही. एक ते पाचवर ठेवले तर ती ८३ टक्के होते आणि प्रत्येक जण प्रत्येक वेळी पळतो. दोन्हीकडे निर्णय उरत नाही. दोन फाशांची बेरीज ६ किंवा अधिक आल्यास यश, असा नियम केला तेव्हा ३६ पैकी २६ दाने, म्हणजे ७२ टक्के मिळाले आणि काटा बरोबर मध्यावर आला. चपळ खेळाडूसाठी ५ किंवा अधिक, संथ खेळाडूसाठी ७ किंवा अधिक, एवढा फरक केला की प्रत्येक संघाची चाल वेगळी होते.

दुसऱ्या बेसवर धावपटू असताना एकेरी फटका बसला तर त्याला होम प्लेटकडे सोडायचे की तिसऱ्या बेसवर थांबवायचे, हेही खेळाडूने ठरवावे. सोडल्यास बेरीज ६ किंवा अधिक लागते, आणि दोन खेळाडू आधीच बाद असतील तर ५ किंवा अधिक, कारण तेव्हा धावपटू फटका बसताक्षणीच पळत सुटलेला असतो. पहिल्या बेसवरचा खेळाडू एकेरी फटक्यावर दुसऱ्या बेसपर्यंतच जातो. एका सामन्याच्या सातव्या डावातील माझी नोंद येथे देते. पहिले दान २४, जमिनीलगतचा फटका, एक बाद. मग ६३, एकेरी फटका. मग ५२, वॉक. पहिला आणि दुसरा, दोन्ही बेस भरले. या क्षणी ३१ ते ३४ मधील कोणतेही दान पडते तर डबल प्ले होऊन डाव तेथेच आटोपता. पडले १४, स्ट्राइकआउट, दोन बाद. त्यानंतर ६५. धावसंख्या बरोबरीत होती आणि दुसऱ्या बेसवरचा खेळाडू संथ नव्हता. मी त्याला सोडले आणि बेरीज नेमकी ५ आली. दोन बाद नसते तर तो होम प्लेटवर पकडला गेला असता. पुढचे दान ४१, झेल, डाव संपला, एक धाव. एवढ्या सगळ्याला दीड मिनिट लागले आणि त्यात एक असा क्षण होता की ज्याचे श्रेय किंवा दोष माझ्याकडेच येणार होता.

दोन बाद असताना धोका पत्करणे योग्य ठरते, कारण पुढचा फलंदाज बाद झाला तर तिसऱ्या बेसवर थांबवलेला धावपटू वायाच जातो. एकही बाद नसताना मात्र पुढे तीन बादांची संधी शिल्लक असते आणि तेथे घाई महागात पडते. हे प्रत्यक्ष मैदानावरचे शहाणपण तक्त्यात वेगळे लिहावे लागत नाही, शक्यतांची मांडणी बरोबर असेल तर ते आपोआप उमटते.

पिचरविषयी थोडक्यात सांगते. सहाव्या डावानंतर आरंभीचा पिचर थकला असे मानून २६ हे दान एकेरी फटका धरावे, आठव्यानंतर २५ सुद्धा. पिचर बदलला की दाने पूर्ववत होतात. पण प्रत्येक बदली पिचरला दोनच डाव द्यावेत आणि असे तीनच पिचर संघाकडे असावेत. बंटसाठी, म्हणजे बॅट नुसती आडवी धरून चेंडू जवळच पाडण्यासाठी, मी वेगळा तक्ता केला होता, तो दोन सामन्यांनंतर काढून टाकला. आजच्या बेसबॉलमध्ये बंट विरळा झाला आहे आणि त्याच्यासाठी पान उलटावे लागणे या खेळाला परवडत नाही.

प्रश्न : मुलांसाठी याहूनही लहान, पाच मिनिटांचा खेळ करता येईल का? प्रत्येक संघाच्या एकेका डावासाठी एकदाच फासे टाकून धावा ठरवल्या तर?

उत्तर : करता येईल, पण मुलांना तो आवडेल असे मला वाटत नाही. बेसबॉलमध्ये प्रत्येक संघाच्या फलंदाजीच्या डावांपैकी ७० टक्क्यांहून अधिक डाव शून्य धावांचे असतात. खरेपणा राखायचा तर आपल्या तक्त्यातही बहुतेक वेळा शून्यच पडेल, आणि बेसवर कोण पोहोचले, कोण अडकून राहिले हे दिसणारच नाही. त्यापेक्षा हाच तक्ता घेऊन तीन डावांचा सामना खेळावा. तो आठ-नऊ मिनिटांत होतो आणि बेसवर बटणे किंवा चिंचोके सरकवण्याचा आनंदही राहतो.

प्रश्न : सगळ्या फलंदाजांना एकच तक्ता लावला तर बेब रूथसारखा होम रनसाठी गाजलेला फलंदाज आणि एखादा सामान्य खेळाडू यांत फरक काय राहिला? प्रत्यक्ष खेळाडूंची कामगिरी या झटपट खेळात कशी आणावी?

उत्तर : हा प्रश्न टेबलावरच्या बेसबॉलइतकाच जुना आहे. अमेरिकेत क्लिफर्ड व्हॅन बीक याने १९३०मध्ये 'नॅशनल पास्टाइम' हा खेळ विकायला काढला, तेव्हा प्रत्येक खेळाडूचे स्वतंत्र कार्ड आणि त्यावर दोन फाशांची ३६ दाने ही कल्पना त्यात होती. तीच कल्पना घेऊन रिचर्ड साइट्झ याने १९५१मध्ये 'एपीबीए' हा खेळ सुरू केला. मधल्या काळात, १९४१मध्ये, स्वतः मेजर लीगमध्ये खेळलेल्या ईथन ॲलन याने 'ऑल-स्टार बेसबॉल' काढला. त्यात फाशांऐवजी फिरता काटा होता आणि प्रत्येक खेळाडूची एक गोल चकती होती, जिच्यावरील भागांची रुंदी त्या खेळाडूच्या कामगिरीप्रमाणे कमी-अधिक असे. १९६१मध्ये हॅल रिचमन याच्या 'स्ट्रॅट-ओ-मॅटिक'ने पिचरलाही बरोबरीचे स्थान दिले. त्यात तीन फासे असतात; एक फासा एक ते तीन दाखवील तर उत्तर फलंदाजाच्या कार्डावर पाहायचे, चार ते सहा दाखवील तर पिचरच्या, आणि उरलेल्या दोन फाशांची बेरीज ओळ सांगते. ही युक्ती मला अतिशय सुंदर वाटते, कारण सामना दोघांचा आहे हे ती एका फाशात सांगून जाते.

आपल्या तक्त्यात हे आणण्यासाठी आधी तक्त्याची सरासरी समजून घ्यावी. ३६ खेपांपैकी तीन वॉक असतात आणि वॉक फलंदाजीच्या सरासरीत धरत नाहीत, म्हणून उरल्या ३३. त्यांत फटके आठ, म्हणजे सरासरी .२४२, आणि मेजर लीगची अलीकडची सरासरी याच्या आसपासच आहे. बाद होण्याचे एक दान एकेरी फटक्यात बदलले की सरासरी .२७३ होते, दोन बदलली की .३०३. चांगल्या फलंदाजासाठी एवढे पुरे आहे.

तक्ता कितपत ताणता येतो हे पाहण्यासाठी मी टेड विल्यम्स या नामवंत फलंदाजाचे १९४१चे वर्ष घेतले. त्या वर्षी त्याने ६०६ खेपांत १८५ फटके मारले, ३७ होम रन केले, १४७ वॉक मिळवले आणि तो केवळ २७ वेळा स्ट्राइकआउट झाला, सरासरी.४०६. प्रत्येक आकड्यास ६०६ने भागून ३६ने गुणले, तर वॉक नऊ, फटके अकरा, त्यांत होम रन दोन, आणि स्ट्राइकआउट दोन येतात. मग त्याच्यापुरत्या बदललेल्या दानांची एक पट्टी केली आणि तिच्यावर ३४, ३५, ३६, ४१, ४२ आणि ४३ हे वॉक केले, ४४ आणि ४५ एकेरी, ४६ होम रन, आणि स्ट्राइकआउटसाठी ११ आणि १२ एवढीच दाने ठेवून उरलेल्या स्ट्राइकआउटच्या जागी झेल धरले. पाचाची आणि सहाची ओळ जशीच्या तशी राहू दिली. वॉक वगळता २७ खेपांत ११ फटके, म्हणजे .४०७. चूक वगळता बेसवर पोहोचण्याची दाने वीस, म्हणजे .५५६, प्रत्यक्षात ते प्रमाण.५५३ होते. इतर फलंदाजांसाठी तांबड्या फाशाने पाच किंवा सहा दाखवावे लागतात. विल्यम्ससाठी चारही पुरतो. त्या वर्षी तो इतरांपेक्षा किती वेगळा होता, हे कोरे आकडे वाचून मला जेवढे उमगले नव्हते तेवढे तो फासा चारवर थांबल्यावर उमगले.

संघातील नऊही फलंदाजांसाठी अशा पट्ट्या करू नयेत, असे मी सुचवीन. प्रत्येक दानाला वेगळी पट्टी शोधावी लागली की १५ सेकंदांचे ३० होतात. संघातील दोघातिघांच्या पट्ट्या कराव्यात, बाकीच्यांनी मुख्य तक्ता वापरावा.

प्रश्न : मी एकटाच खेळतो आणि दोन्ही बाजूंचे निर्णय मीच घेतो. नकळत आवडत्या संघाचे झुकते माप होते. यावर काय करावे?

उत्तर : निर्णय आधी लिहावा, फासे नंतर टाकावेत. 'चोरी' किंवा 'थांबला' असा एक शब्द कागदावर उमटला की नंतर मन फिरवता येत नाही. ज्या संघाकडे आपला ओढा नाही त्याच्यासाठी सामन्यापूर्वीच दोन-तीन नियम ठरवून ठेवावेत, उदाहरणार्थ, चपळ धावपटू पहिल्या बेसवर असेल आणि कोणी बाद नसेल तर तो नेहमी पळेल, किंवा दोन बाद असताना धावपटूला नेहमी होम प्लेटकडे सोडले जाईल. मग त्या संघासाठी आपण केवळ हात चालवतो.

नोंद मात्र पूर्ण ठेवावी. बेसबॉलमध्ये क्षेत्ररक्षकांना क्रमांक असतात, पिचर १, कॅचर (फलंदाजामागे चेंडू झेलणारा) २, पहिला बेस ३, दुसरा ४, तिसरा ५, शॉर्टस्टॉप (दुसऱ्या आणि तिसऱ्या बेसच्या मधला) ६, आणि बाहेरच्या मैदानात डावीकडून ७, ८, ९. स्ट्राइकआउटसाठी 'के' हे अक्षर लिहितात. एकोणिसाव्या शतकातील पत्रकार हेन्री चॅडविक याने 'स्ट्रक' या इंग्रजी शब्दाचे शेवटचे अक्षर त्यासाठी निवडले. डबल प्लेच्या चार दानांना मी चार मार्ग ठरवून दिले आहेत. ३१ पडले तर ६-४-३, ३२ ला ४-६-३, ३३ ला ५-४-३ आणि ३४ ला १-६-३. पडलेले दान ३१ असे लिहिण्याऐवजी ६-४-३ असे लिहिले, तर शॉर्टस्टॉपने चेंडू उचलला, दुसऱ्या बेसकडे दिला आणि तेथून तो पहिल्या बेसकडे गेला हे सारे त्या तीन आकड्यांत येते, आणि महिनाभराने तो कागद हाती आला तरी तो डाव पुन्हा जसाच्या तसा वाचता येतो.